मेक्सिकोतली चौथी ड्रायव्हर

आम्हा चौघांना एक खोड आहे. जमलो की पहिला चहा संपायच्या आत कुणीतरी म्हणणारच, "अगं, तो कुत्र्यांचा किस्सा सांग ना!" मग सांगायचं एकाने आणि दुरुस्त्या करायच्या उरलेल्या तिघांनी. मेक्सिकोला जाऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत, ट्रिप होती जेमतेम सतरा दिवसांची, पण किस्से एवढे साचलेत की ऐकणाऱ्याला वाटावं, आम्ही तिथे घर घेऊन राहिलो होतो. त्यातून श्रीकांतच्या तोंडून हल्ली त्याने न केलेले पराक्रमही ऐकू यायला लागलेत. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकावं. मी लिहितेय म्हणजे माझं व्हर्जन खरं. ज्याला पटत नसेल त्याने स्वतःचं लिहावं!

आधी माणसं सांगते. मी मेघा. मूळची पुण्याची, गेली बावीस वर्षं लंडनच्या कडेच्या पिनरमध्ये. नोकरी कौन्सिलच्या पार्किंग विभागात. दंड झालेले लोक अपील करतात आणि ती अपिलं मी वाचते. "पाटी झाडामागे होती." "मी फक्त दोनच मिनिटं गेलो होतो." "माझ्या मांजरीला बरं नव्हतं." थोडक्यात काय, लोकांच्या सबबी ऐकायचा मला पगार मिळतो.

श्रीकांत नागपूरचा, मँचेस्टरला आयटीमध्ये. दीपा एडिनबराला फिजिओथेरपिस्ट. आम्ही तिघं एकाच वर्षी या देशात आलो आणि पहिलं वर्ष एकाच गळक्या घरात भाड्याने काढलं, त्यामुळे एकमेकांना काहीही बोलायचा हक्क आहे. चौथा कुणाल, माझ्या शेजारचा. जन्म इथलाच, वय बत्तीस, दातांचा डॉक्टर. मला मेघाताई म्हणतो. मराठी अगदी धडाधड बोलतो. टेबल कधी 'तो' असतं तर कधी 'ती', त्याला फरक पडत नाही आणि आता आम्हालाही पडत नाही.

आता दीपाचं जरा नीट सांगायला हवं, कारण सगळी ट्रिपच तिच्यासाठी होती. ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा चालतं करायचं, हे तिचं काम. त्यासाठी गाडी लागते. एका हिवाळ्यात सकाळी पेशंटकडे जाताना तिची गाडी बर्फावरून घसरली आणि दोन गिरक्या घेऊन शेतात जाऊन थांबली. दीपाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून बाई स्टिअरिंगमागे बसली नाही! मॅनेजर चांगली, तिने हिला तात्पुरतं क्लिनिकमध्ये घेतलं. तात्पुरतं म्हणता म्हणता सव्वा वर्ष गेलं. मग मॅनेजरने स्पष्ट सांगितलं, "ऑक्टोबरपासून गाडी चालवत घरोघरी जाणार असशील तर ही जागा तुझी. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल."

दीपाला त्या कामावाचून चैन पडत नाही. त्या रात्री फोनवर ती इतकी रडली की मलाही रडू आलं. मग मला राग आला, आणि राग आला की मी काहीतरी बुक करते. बर्फ फक्त ग्लासात असतो अशा देशात जायचं, हळूहळू गावागावातून फिरायचं, आणि दीपाच्या हातात गाडी द्यायची! भाड्याच्या व्हॅनच्या कागदांवर ड्रायव्हर म्हणून चारही नावं घातली.

"नाव घाला," दीपा म्हणाली. "पण मी चालवणार नाही."

"बरं," आम्ही तिघं एकदम म्हणालो. एकदम म्हणालो तिथेच तिला संशय आला.

* * *

श्रीकांतने या ट्रिपचं एक्सेल शीट केलं होतं. शीटचं नाव 'निवांत'. त्यात सतरा दिवसांच्या सतरा टॅब. प्रत्येक टॅबमध्ये पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने आणि प्रत्येक रकान्याला रंग. हिरवा म्हणजे जेवण, पिवळा म्हणजे प्रवास, निळा म्हणजे निवांत बसणे.

पहिलं गाव पुएब्ला. चौकात मोठाली झाडं, झाडांखाली बाकं, कमानीखाली कॉफीची दुकानं. आम्ही बसलो. कॉफी यायला वेळ लागला. तिथे सगळ्यालाच वेळ लागतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. श्रीकांत मात्र खुर्चीच्या टोकावर बसून फोनमधलं शीट वरखाली करत होता.

शेवटी त्याला राहवेना. "अरे, आपण निवांतपणात पंचवीस मिनिटं मागे पडून राहिलो ना!"

दीपाने शांतपणे कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "मग आता निवांतपणा जरा भराभर उरकू या."

* * *

व्हॅन पुएब्लालाच घेतली. पांढरी, सात सीटची, गिअरवाली. पहिला नंबर श्रीकांतचा. आता आपली सवय म्हणजे गिअर डाव्या हाताला. तिथे डाव्या हाताला दार! श्रीकांत गिअर बदलायला डावा हात घालायचा आणि काच खाली जायची. पहिले दोन तास आमची गाडी तिसऱ्या गिअरमध्ये गेली नाही, पण हवा मात्र भरपूर आली.

तिकडच्या रस्त्यांवर दर गावाला स्पीडब्रेकर असतात. त्यांना 'तोपे' म्हणतात. इथल्यासारखे लाजरेबुजरे नाहीत, चांगले गुडघ्याएवढे. गाडी थांबवल्याशिवाय ओलांडताच येत नाही. आणि गाडी थांबली की विकणारे खिडकीशी हजर! शेंगदाणे, सोललेले आंबे, नारळाची बर्फी, झाडू.

श्रीकांतला नाही म्हणता येईना. वीस वर्षं मँचेस्टरमध्ये राहून त्याला सॉरी म्हणायची इतकी सवय झालीय की तो विकणाऱ्याला सॉरी म्हणायचा आणि मग ओशाळून काहीतरी घ्यायचा. शिवाय काच त्याच्याकडून आपोआप उघडत होतीच. चौथ्या तोप्यापर्यंत आमच्याकडे दोन झाडू होते.

मी चिडले. "झाडू कशाला लागतोय रे तुला सुट्टीवर? हो बाजूला, मी चालवते. मला कुणी काही विकून दाखवावं!"

मी रोज इंग्रज माणसांना नाही म्हणते हो. लेखी नाही म्हणते! पुढचे दोन तोपे मी नजर समोर ठेवून पार केले. तिसऱ्याला एक बाई खिडकीशी आली. काही बोलली नाही, नुसती हसली.

त्या दिवशी संध्याकाळी हॉटेलच्या माणसाने विचारलं, सामान किती आहे? चार बॅगा, दोन झाडू आणि केळ्यांचा एक अख्खा घड, असं सांगितलं. घड माझा होता.

आणि दीपा? ती मागच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे. दर तोप्याला तिचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. मागे ब्रेक नसतो, पण ती दाबत होती. मी आरशातून तिचा चेहरा बघत होते आणि मला फार वाईट वाटत होतं. पण मी बोलले नाही, कारण माझ्या मांडीवर केळी होती.

* * *

आमच्यात स्पॅनिश येणारा एकच, कुणाल. त्याने शाळेत जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, स्पॅनिश घेतलं होतं. "माझी स्पॅनिश एकदम फर्स्टक्लास आहे, मेघाताई. मला ए मिळाली होता." म्हणून आम्ही निर्धास्त!

डोंगरातल्या एका वळणावर एका पोलिसाने गाडी अडवली. चेहरा गंभीर, कमरेला बंदूक. खिडकीतून वाकून त्याने काहीतरी विचारलं. आम्ही तिघांनी कुणालकडे बघितलं. कुणालने घसा साफ केला आणि तो स्पॅनिशमध्ये जो सुटला, तो मिनिटभर थांबलाच नाही. काय उच्चार, काय आत्मविश्वास! पोलिसाच्या भुवया हळूहळू वर गेल्या. त्याने लांबच्या दुसऱ्या पोलिसाला हाक मारून बोलावलं आणि कुणालला खूण केली, पुन्हा सांग. कुणालने पुन्हा सांगितलं. दुसऱ्या पोलिसाने टोपी काढून डोकं खाजवलं. मग दोघांनी कुणालशी हात मिळवले, पहिल्याने काहीतरी विचारलं, कुणालने मान डोलावली आणि त्यांनी आम्हाला सोडलं!

"वा! काय सांगितलंस रे?" मी विचारलं.

"मी सांगितला की माझा नाव कुणाल आहे. मला एक बहीण आहे. ती माझ्यापेक्षा उंच आहे आणि तिची केस लांब आहे. आमच्या गावात एक लायब्ररी आणि एक स्विमिंग पूल आहे. शनिवारी मी मित्रांबरोबर टेनिस खेळतो."

मागे दोघंही पोलीस अजून हात हलवत होते.

"आणि शेवटी त्याने काय विचारलं?" दीपाने विचारलं.

"बहिणीचा लग्न झाला का?"

"तुला ते कळलं?"

"ऑफ कोर्स! ते चॅप्टर सिक्समध्ये होतं."

* * *

आता तो कुत्र्यांचा.

वाहाका शहराच्या अलीकडचं एक छोटं गाव. दुपारी जेवायला काय मिळतंय ते बघत हिंडत होतो, तर एका गल्लीत ही लांब रांग. श्रीकांतचे डोळे चमकले. "एवढी लाईन आहे म्हणजे काहीतरी भारी खायला मिळून राहिलं असणार!"

रांग दिसली की आपण विचारतच नाही ना, उभेच राहतो. या देशात राहून दुसरं काही नाही तरी एवढं शिकलोय. उभे राहिलो. हातभर अंतर ठेवून, कुणाला धक्का न लावता, आपल्या मागे कोण आलं त्याच्याकडे बघून हलकंसं हसून.

"किती छान!" कुणाल म्हणाला. "इथे सगळे आपापली कुत्रा घेऊन येतात."

खरंच प्रत्येकाजवळ कुत्रं होतं. काहींजवळ दोन होती. एका माणसाच्या पिशवीतून मांजर डोकावत होतं. पण इथे पबमध्ये टेबलाटेबलाखाली कुत्री बसलेली असतात, त्यामुळे आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. चाळीस मिनिटं उभे होतो. मधून मधून पुढून एखादं कुत्रं केकाटायचं. श्रीकांत म्हणाला, "मटणाचा वास येऊन राहिला असेल त्याला."

आमचा नंबर आला. समोर टेबल, टेबलामागे पांढऱ्या कोटातली बाई आणि तिच्या हातात इंजेक्शन! सरकारी रेबीजची लस होती. तिने आधी आमच्याकडे बघितलं, मग टेबलाखाली वाकून बघितलं, मग आमच्या मागे बघितलं. कुत्रं कुठे आहे, असं तिने हातवारे करून विचारलं.

आता चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून, मागे एवढी माणसं ताटकळलेली असताना, 'काही नाही, आम्ही असेच उभे होतो' असं कोणत्या तोंडाने सांगणार? श्रीकांतने काय करावं? कुणालच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढे ढकललं!

बाई पण अशी वस्ताद, तिने अजिबात न हसता कार्ड पुढे ओढलं आणि पेन उघडलं. नाव? हा प्रश्न पहिल्याच धड्यातला. कुणालने आज्ञाधारकपणे नाव सांगितलं. वय? तेही त्याला येत होतं. बत्तीस, म्हणाला.

बाईने पेन थांबवलं, कुणालला आपादमस्तक न्याहाळलं आणि आमच्याकडे वळून कौतुकाने, मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, "फार छान सांभाळलंय तुम्ही त्याला!"

* * *

इथपर्यंत सात दिवस झाले होते. रोज सकाळी मी किल्ली दीपासमोर धरायचे आणि रोज ती नवीन सबब सांगायची. पहिल्या दिवशी जेटलॅग. दुसऱ्या दिवशी चष्मा. तिसऱ्या दिवशी रस्ता फार अरुंद. चौथ्या दिवशी रस्ता फार रुंद! मी तिला व्यावसायिक मत दिलं, "दीपा, या सबबीवर मी तुझा अर्धा दंडसुद्धा माफ केला नसता." ती हसायची आणि मागे जाऊन बसायची. मी वरवर चेष्टा करत होते, पण आतून माझा धीर सुटत चालला होता.

सातव्या दिवशी आम्ही एका बाईंच्या घरी जेवायला थांबलो. अंगणात चूल, चुलीवर मातीचा मोठा तवा आणि बाई मक्याच्या पिठाच्या पोळ्या हातावर थापत होत्या. थप, थप, थप. माझ्या अंगात आलं. "अगं, ही तर भाकरीच! सरका, मी दाखवते." माझ्या भाकरीला माझ्या सासूबाईंनीसुद्धा नावं ठेवली नाहीत, आणि त्यांनी माझ्या बाकी सगळ्याला ठेवलीयत.

बाह्या सरसावल्या, गोळा घेतला, थापायला सुरुवात केली. ते पीठ काही आपल्या ज्वारीचं नाही हो! ओलं, मऊ, कुठे धरावं कळेना. एका बाजूने फाटलं, ते सांधलं तर दुसऱ्या बाजूने फाटलं. कशीबशी तव्यावर टाकली. बाईंनी ती भाजली, उलटली, क्षणभर निरखली, आणि काही न बोलता मागे वळून कोंबडीपुढे टाकली.

कोंबडीने चोच लावली आणि निघून गेली.

मग दीपा उठली. तिने गोळा घेतला, दोन तळव्यांत खेळवला, आणि बघता बघता गोल, पातळ, सुरेख पोळी तव्यावर पडली आणि टम्म फुगली! बाईंनी दीपाचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेपालटे करून बघितले आणि सगळ्यांना दाखवले.

मला राहवलं नाही. "बघ! कुठे काय बिघडलंय या हातांचं?"

"हातांचा प्रश्नच नाहीये गं," दीपा म्हणाली.

* * *

नवव्या दिवशी आम्ही तिघांनी कट केला. कल्पना श्रीकांतची. सकाळी तिघांनीही आजारी पडायचं, म्हणजे गाडी चालवायला उरली कोण?

ठरल्याप्रमाणे मी नाश्त्याला खांदा धरून आले. "आई गं! फ्रोजन शोल्डर झालाय वाटतं. हात वरच जात नाहीये." श्रीकांत लंगडत आला. कुणाल कपाळाला रुमाल बांधून आला, तो इतका घट्ट की त्याला खरंच दुखायला लागलं.

आता तुम्ही म्हणाल, तीन शिकलेली माणसं! पण आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही की आपण हे नाटक एका फिजिओथेरपिस्टसमोर करतोय.

दीपाने हातातला टोस्ट खाली ठेवला. माझ्या मागे आली, एक हात खांद्यावर, एक कोपरावर, आणि काय केलं देव जाणे, माझा हात सरळ वर गेला, कानाला लागला! "फुल रेंज," ती म्हणाली. "चालव गाडी." मग श्रीकांतकडे वळली. "खोलीतून निघालास तेव्हा डावा पाय दुखत होता. जिना उतरल्यावर उजवा. ठरव आणि सांग." कुणालने न सांगता रुमाल सोडला.

आम्ही खूप हसलो. दीपाही हसली. आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले.

"तुम्ही का करताय ते कळतंय रे मला," ती म्हणाली. "मलाही हवंय. पण काय होतं माहितीये? गाडी घसरली ना, तेव्हा काही आवाजच नव्हता. टायरचा नाही, ब्रेकचा नाही, काही नाही. सगळं एकदम शांत झालं आणि शेत गोल फिरायला लागलं. आता मी स्टिअरिंगवर हात ठेवला की तीच शांतता येते. मी मॅनेजरला आज मेल करणार आहे. ती जागा दुसऱ्या कुणाला दे म्हणून."

मी एवढंच म्हटलं, "सोमवारी कर ना. आज शनिवार आहे. शनिवारी कोण मेल वाचतंय?" मेल थांबवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. ती बरं म्हणाली. गाडी मी चालवली आणि दीपा पुन्हा मागच्या सीटवर.

* * *

त्याच दिवशी दुपारी आम्ही डोंगरातल्या एका गावात मुक्कामाला पोचलो. व्हॅन कुठे लावायची ते अर्थात मी ठरवलं. चौकाच्या कडेचा लांबलचक, सरळ, रिकामा रस्ता. मी स्वतः दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन पाट्या शोधल्या. एकही पाटी नव्हती, जमिनीवर नो-पार्किंगची पिवळी रेघ नव्हती. "बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते," मी म्हटलं, "यापेक्षा सुरक्षित जागा अख्ख्या मेक्सिकोत नाही!"

रविवारी सकाळी खोली सोडायची होती. चारही बॅगा, पासपोर्टांची पिशवी, सगळं कुणालने पहाटेच गाडीत नेऊन ठेवलं होतं, तेव्हा म्हणे दोन-चार माणसं काठ्या रोवत होती. नाश्ता करून अकराला आम्ही बाहेर पडलो, तर रस्ताच नव्हता. रस्त्याच्या जागी आठवड्याचा बाजार!

आणि बाजाराच्या पोटात आमची व्हॅन. दोन्ही बाजूंच्या दुकानांच्या निळ्या ताडपत्र्यांच्या दोऱ्या आमच्या टपाला बांधलेल्या. बॉनेटवर कोथिंबिरीच्या जुड्या. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, कुठे कांद्याची पोती, कुठे मिरच्यांचे ढीग. पुढच्या बंपरला पाठ टेकून एक आजी टोमॅटो विकत बसलेल्या, सत्तरीच्या तरी असतील. काय तो गलका! प्रत्येक जण भाव ओरडतोय, कोंबड्या ओरडताहेत, एका खांबावरच्या कर्ण्यातून बँडचं गाणं चाललंय, आणि दुसऱ्या खांबावरच्या कर्ण्यातून वेगळंच.

कुणालने आजींना कसंबसं विचारलं. बाजार चारला उठतो, त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातात एक टोमॅटो ठेवला. आम्ही म्हटलं ठीक आहे, थांबू. ऊन मात्र भयंकर होतं. दीपाची टोपी गाडीत होती. दार उघडत होतं एकच, ड्रायव्हरचं, तेही वीतभर. त्यातून शिरू शकेल अशी आमच्यात एकटी दीपाच. ती किल्ली घेऊन आत सरकली आणि टोपी शोधायला म्हणून क्षणभर सीटवर टेकली.

आजींनी मागे वळून बघितलं. स्टिअरिंगमागे बाई बसलेली! म्हणजे पाहुण्यांना निघायचंय! आजी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, स्वतःची टोपली उचलली आणि जी आरोळी ठोकली म्हणता! शेजारच्याने टपावरची दोरी सोडली. त्याच्या शेजारच्याने कोथिंबीर उचलली. पुढची जागा मोकळी करायला टोमॅटोचे क्रेट उचलले आणि नेऊन लावले कुठे? ड्रायव्हरच्या दाराला टेकवून! एकावर एक पाच. आता दीपाला बाहेर यायलाच वाट नाही.

कुणाल ओरडत होता, "नो, नो!" पण 'ती गाडी चालवत नाही' हे त्याच्या शाळेत शिकवलं नव्हतं.

दीपाने काचेतून आमच्याकडे बघितलं. चेहरा पांढरा पडला होता. नऊ दिवस मी तिच्या मागे लागले होते, आणि आता मीच तिला बाहेर काढायला क्रेटकडे धावले. तेवढ्यात कुणीतरी वाट करताना माझ्या हातात एक लाल भोपळा दिला. मी भोपळा धरून उभी राहिले.

सगळा बाजार ओरडायला लागला, "दाले! दाले!" म्हणजे चल, चल! आजींनी बॉनेटवर दोन थापा मारल्या. आणि त्या गोंधळात मला इंजिन सुरू झाल्याचं ऐकूही आलं नाही, फक्त व्हॅन हलल्याचं दिसलं.

एक वीत. मग आणखी एक वीत. मिरचीवाल्याने ढीग ताडपत्रीसकट ओढला. बाळाच्या कपड्यांपासून बायकांच्या अंतर्वस्त्रांपर्यंत सगळं टांगलेली एक लांब दोरी दोन पोरींनी काठ्यांनी वर उचलून धरली आणि व्हॅन तिच्याखालून गेली. मडकीवाल्याची सगळी मडकी हलवायला वेळ नव्हता, तो दोन्ही हात पसरून मडक्यांसमोर उभा राहिला आणि दीपाने त्याच्या बोटांपासून चार अंगुळांवरून गाडी काढली. एकाही मडक्याला धक्का नाही! मागे दुकानं पुन्हा जोडली जात होती. आम्ही तिघं मागून चालत होतो आणि हातात दिलेल्या वस्तू ज्याच्या त्याला परत करत होतो. मी रडत होते, हे श्रीकांत सगळ्यांना सांगतो, तर सांगू दे. रडत होते.

पाऊण तास लागला. शेवटचं दुकान ओलांडून व्हॅन मोकळ्या रस्त्याला लागली तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. ती शंभर पावलांवर कोपऱ्यात थांबली. आम्ही हात हलवत तिच्याकडे निघालो.

व्हॅनचा इंडिकेटर लागला. डावीकडचा. मग ती वळली आणि गेली.

"अरे, बॅगा!" श्रीकांत म्हणाला.

"पासपोर्टची पिशवी!" कुणाल म्हणाला.

मला ना बॅगा सुचल्या ना पासपोर्ट. पुढे घाटाचा रस्ता होता, ती एकटी, सव्वा वर्षाने, तेही उलट्या बाजूने चालवणारी. फोन केला तर उचलेना. दहा मिनिटं, वीस मिनिटं, तास. आम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिलो. श्रीकांतने शीट उघडून पुन्हा बंद केलं. दीड तासाने माझा फोन वाजला.

"दीपा! कुठे आहेस तू? काय झालं? ठीक आहेस ना?"

"मी पुढच्या गावात पोचले," दीपा म्हणाली. "कॉफी मागवलीये. तुम्ही बसने या."